शेतकऱ्याचे पाऊल, त्याचे पादत्राण आणि दारातील सोय

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातील निरगुडसर व आसपासची गावे आज बागायती गावे म्हणून ओळखली जातात. घोड नदीवर डिंभे येथे बांधलेले धरण हा कुकडी प्रकल्पाचा एक भाग होय. त्या प्रकल्पाचे पाणी खाली येऊ लागल्यापासून या टापूतील शेतीचे रूप पालटले. बाजरी, मटकी, हुलगा यांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी ऊस, कांदा व भाजीपाला आला. जवळच पारगाव येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले. पिके बदलली, तशी पायाखालची जमीनही बदलली. मात्र शेतकऱ्याच्या पायातील पादत्राण या बदलाच्या मानाने मागेच राहिले आहे.

जिराईत रानात पायाला भय असे ते बाभळीच्या काट्याचे, सराट्याचे आणि उन्हाने तापलेल्या मुरमाचे. त्यासाठी जाड तळाची चामडी वहाण उत्तम होती. गावच्या कारागिराने पायाचे माप घेऊन शिवलेली ती वहाण वर्षानुवर्षे टिके. बागायतात परिस्थिती वेगळी आहे. वाफे ओले असतात, दंडाच्या कडेला गवत माजलेले असते, उसाच्या सरीत वाळलेल्या पाल्याचा थर साचलेला असतो. त्या पाल्यात उंदीर राहतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. अशा ठिकाणी चामड्याची वहाण भिजून वाकडी होते, म्हणून शेतकऱ्याने ती सोडली आणि पायात रबरी स्लीपर घातली. स्लीपर स्वस्त, हलकी व धुण्यास सोपी आहे हे खरे. तथापि चिखलात ती रुतते, तिचा पट्टा ऐन वेळी निसटतो, टाच घसरते आणि पाऊल वरून पूर्णपणे उघडे राहते. उसाच्या रानात ती पायात असणे आणि नसणे यांत फारसा फरक नाही.

धोका किती मोठा आहे?

सर्पदंश ही शेतकऱ्याच्या नशिबाची गोष्ट आहे अशी समजूत अद्याप पुष्कळ घरांत आहे. आकडे पाहिले असता ती समजूत सोडून द्यावी लागते. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडण्यात आला. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये यासंबंधी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. जे दगावत नाहीत त्यांतील कित्येकांचे बोट, पाऊल किंवा मूत्रपिंड कायमचे निकामी होते, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. उसाच्या व भाजीपाल्याच्या रानात काम करणाऱ्याने घोणशीची ओळख विशेष करून ठेवावी. ती सुस्त असते, माणसाची चाहूल लागली तरी बहुधा जागची हलत नाही आणि तिचा रंग वाळलेल्या पाल्यात मिसळून जातो. पाय तिच्यावर किंवा तिच्याशेजारी पडला म्हणजे ती दंश करते. शेतातील सर्पदंश बहुतांशी पावलावर, घोट्यावर किंवा पोटरीच्या खालच्या भागात होतात, ही गोष्ट येथे सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या जागी दंश होतो ती जागा झाकता येते. गुडघ्याच्या थोड्या खालपर्यंत येणारा रबरी गमबूट घातला असता जाड रबर आणि रबर व पोटरी यांमधील मोकळी जागा यांमुळे सापाचे दात कातडीपर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. संपूर्ण अभय मिळते असे नाही. परंतु उघड्या पायाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. कृषिपंपांना अनेक ठिकाणी आळीपाळीने रात्रीची वीज मिळते. मध्यरात्री वीज आली की घरातील माणूस अर्धवट झोपेत उठतो, अंधारात हाताला लागेल ती चप्पल पायात अडकवतो, मोबाइलच्या उजेडावर दारे धरण्यास निघतो आणि पाण्याने बिळाबाहेर काढलेल्या जिवांच्या मधून चालतो. याच वेळी सर्वांत चांगल्या पादत्राणाची गरज असते आणि याच वेळी पायात सर्वांत वाईट पादत्राण असते. जुन्नर वन विभागातील उसात बिबट्यांचा वावर आहे हे सर्वांना ठाऊक आहेच. त्यावर बुटाचा इलाज नाही. रात्री एकट्याने न जाणे, मोठा उजेड बाळगणे आणि बोलत चालणे हाच त्यावरचा उपाय होय.

बूट असूनही का वापरले जात नाहीत?

गावपातळीवरील कार्यकर्त्याने घरोघरी चौकशी केल्यास पुष्कळ घरांत गमबूट आहेत असे त्याला आढळून येईल. ते माळ्यावर, पंपाच्या खोलीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असतात. एकदा वापरून ओले ठेवल्यामुळे त्यांना वास येतो. आत विंचू किंवा बेडूक असेल अशी भीती वाटते. ते काढताना चिखलाने हात भरतात. रात्री ते सापडत नाहीत. शेतकरी आळशी आहे किंवा त्याला समजत नाही, असा निष्कर्ष येथे काढणे चुकीचे ठरेल. ज्या वस्तूला घरात जागा नाही ती वस्तू वापरात राहत नाही. कोयत्याला, दोरीला, पाटीला जागा आहे म्हणून त्या रोज वापरल्या जातात. बुटाला अशी जागा दिलेलीच नाही.

दुसरे कारण श्रद्धेचे आहे. काळ्या आईच्या अंगावर जोडे घालून चालू नये, अशी भावना जुन्या माणसांत खोल रुजलेली आहे. खळ्यावर तर वहाणा काढूनच जाण्याची रीत होती. या भावनेची थट्टा करणाऱ्या कार्यकर्त्याचे पुढचे बोलणे कोणी ऐकणार नाही आणि ते योग्यच होईल. पेरणीच्या मुहूर्ताला, पूजेला व धान्याच्या राशीजवळ पाऊल मोकळे राहू द्यावे. खुरपणी, पाचट काढणे, पाणी देणे, वैरण कापणे ही कष्टाची कामे आहेत. ती करताना बूट घातल्याने भक्तीला उणेपणा येत नाही, हे घरातील वडीलधाऱ्या माणसाच्याच तोंडून निघाले तर अधिक परिणाम होतो.

तिसरे कारण स्त्रियांसंबंधीचे आहे आणि त्याकडे आजवर फार दुर्लक्ष झाले आहे. खुरपणी, कांदा लागवड, भाजी तोडणे, गवत आणणे ही कामे मुख्यतः स्त्रियाच करतात. म्हणजे गवतात हात आणि पाय घालून सर्वांत जास्त वेळ त्याच बसतात. असे असूनही घरात बुटांचा एकच जोड असतो आणि तो पुरुषाच्या मापाचा असतो. मोठ्या मापाचा बूट घालून चिखलात चालताना पाय आत सरकतो, टाच सोलते, माणूस पडतो. मग 'आम्हाला बूट झेपत नाहीत' असे ठरून जाते. वस्तुतः त्यांच्या मापाचा बूट घरात कधी आलेलाच नसतो. घरातील प्रत्येक काम करणाऱ्या व्यक्तीसाठी तिच्या मापाचा स्वतंत्र जोड असावा. एका वेळी शक्य नसल्यास पहिला जोड खुरपणीला जाणाऱ्या व्यक्तीसाठी घ्यावा.

निवड कशी करावी?

बुटाचे माप सायंकाळी घ्यावे. दिवसभराच्या कामाने पाऊल थोडे फुगलेले असते व तेच माप खरे असते. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून घ्यावी, मोठे पाऊल ग्राह्य धरावे आणि तो कागद कापून बाजारात न्यावा. बूट घालून उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. टाच मात्र वर-खाली होऊ नये. जाड सुती मोजे घालून बूट घालण्याचा बेत असेल तर मापही मोजे घालूनच पाहावे. तळाच्या खाचा खोल असाव्यात. पावलाच्या पुढील भागात जेथे बूट वाकतो तेथे तो हाताने दोन-चार वेळा वाकवून पाहावा. हलक्या प्लास्टिकचा बूट येथे पांढुरका पडतो आणि काही महिन्यांत याच ठिकाणी चिरतो.

प्रत्येक कामास गमबूटच हवा असे नाही. पश्चिमेकडील डोंगरी गावांतील भात लावणीत गमबूट उपयोगाचा नाही. चिखलणी केलेल्या खाचरात तो रुतून बसतो आणि पाय बाहेर आला तरी बूट आत राहतो. तेथे पाऊल उघडेच राहणार, म्हणून खाचरात उतरण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल चोळावे व बाहेर आल्याबरोबर पाय धुऊन कोरडे करावेत. बैल, म्हैस किंवा ट्रॅक्टर यांच्याजवळ काम करताना पुढून बंद व टणक असा बूट हवा. ऊस तोडणाऱ्याच्या पायाला सापाइतकेच भय कोयत्याचे असते. साध्या रबरी बुटाने कोयत्याचा घाव अडत नाही. पुढच्या टोकाला लोखंडी वाटी बसवलेला बूट मिळाल्यास बोटे तरी वाचतात. देवाला, बाजाराला व पाहुण्यांकडे जाताना मात्र चामड्याच्या वहाणेसारखे सुख दुसऱ्या कशात नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या कारागिरीला साजेसेच होते. ती चिखलात नेऊ नये. भिजल्यास सावलीत वाळवावी, चुलीजवळ कधीही ठेवू नये आणि अधूनमधून थोडे एरंडेल तेल चोळून ठेवावी.

औषध फवारणीच्या वेळी एक नियम उलटा होतो. तो नीट समजून घ्यावा. गवतात काम करताना पायजमा किंवा विजार बुटाच्या आत खोचणे सोयीचे असते. फवारणीच्या वेळी ती बुटाच्या बाहेर सोडावी. नाही तर अंगावरून ओघळलेले औषध सरळ बुटात उतरते व दिवसभर कातडीला लागून राहते. कापडी किंवा चामडी बूट फवारणीस वापरू नयेत, कारण ते औषध शोषून घेतात आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अंगावर व पायावर पुरेसे संरक्षण नसणे हे त्या दुर्घटनेच्या कारणांपैकी एक होते.

दारातील सोय

आता मुख्य कामाकडे वळावयाचे. पुढे दिलेली कामे घरच्या माणसांनी एका-दोन सुट्यांच्या दिवशी, बहुतेक घरातील जुन्या सामानातून करावयाची आहेत. त्यांसाठी सुताराची गरज पडू नये.

सर्वांत प्रथम बुटांची मांडणी. रानात जाताना घरातील माणसे ज्या दाराने बाहेर पडतात त्या दाराजवळ, छपराखाली व वारा खेळेल अशा ठिकाणी ती करावी. पुढच्या दाराची शोभा बिघडते म्हणून ती मागे नेण्याचा आग्रह धरू नये. तीन फूट लांबीची एक जाड फळी किंवा बांबू जमिनीपासून सुमारे दोन फूट उंचीवर भिंतीला पक्का बसवावा. त्यावर साधारण सव्वा फूट लांबीच्या गुळगुळीत खुंट्या थोड्या तिरक्या, वर तोंड करून ठोकाव्यात. एका जोडाला दोन खुंट्या लागतात आणि दोन खुंट्यांत सात-आठ इंचांचे अंतर पुरते. या खुंट्यांवर बूट उलटे, तोंड खाली करून अडकवावेत. आतील पाणी निथळते, वारा लागून ओल जाते आणि बेडूक, गोम यांना आत शिरून बसण्याची सोय राहत नाही. ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी, कारण उन्हाने रबर कडक होऊन तडकते. फार भिजलेल्या बुटात रात्री जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले असता सकाळपर्यंत ते पुष्कळ कोरडे होतात.

याच फळीच्या एका टोकाला बॅटरीसाठी एक खिळा व काठीसाठी एक कडी बसवावी. बूट, बॅटरी आणि काठी ही तिन्ही एकाच जागी, अंधारात चाचपडतही हाताला लागतील अशी असली म्हणजे मध्यरात्री वीज आल्यावर शोधाशोध होत नाही. मोबाइलच्या उजेडावर भागवू नये. तो एका हातात धरावा लागतो आणि पावलापुढची जागा त्यात नीट दिसत नाही. बॅटरीचा झोत नेहमी दोन पावले पुढे जमिनीवर असावा.

दुसरे काम चिखल खरवडण्याच्या पट्टीचे. कुळवाची झिजलेली फास बहुतेक घरांत भंगारात पडलेली असते. तिचा एक-दीड फूट लांबीचा तुकडा घेऊन दोन्ही टोके दोन दगडांत किंवा विटांच्या दोन बुटक्या खांबांत सिमेंटने बसवावीत. पट्टी जमिनीपासून चार इंच उंच राहावी. बोथट कड वर व धारेची कड खाली असावी. मुले अनवाणी धावतात हे विसरू नये. बुटाचा तळ या कडेवर दोनदा ओढला की चिखल गळून पडतो. घरातील स्त्रियांचा बुटाला खरा विरोध असतो तो सारवलेल्या किंवा पुसलेल्या घरात येणाऱ्या चिखलामुळे. ही पट्टी झाली की तो विरोध बराच मावळतो.

तिसरे काम बूट काढण्याच्या फळीचे. दीड फूट लांब व पाच इंच रुंद अशी फळी घेऊन तिच्या एका टोकाला टाचेच्या आकाराची खाच कापावी आणि त्या टोकाखाली दीड-दोन इंच जाडीचा लाकडी तुकडा ठोकावा. एका पायाने फळी दाबून धरावी, दुसऱ्या पायाची टाच खाचेत अडकवावी आणि पाय वर ओढावा. हात न लावता बूट निघतो. शाळेत जाणारा मुलगाही ही फळी तासाभरात करू शकेल.

चौथे काम पाय धुण्याच्या जागेचे. दोन फूट लांब-रुंद शहाबादी फरशी थोडा उतार देऊन बसवावी व पाणी शोषखड्ड्यात सोडावे. खड्डा तीन फूट खोल असून खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे व त्यावर जाड वाळू अशी भरण करावी. हे पाणी केळीला किंवा अळूला सोडण्याची पद्धत आहे. ती काटकसरीची असली तरी दाराशी अळूचे दाट बन वाढू देणे चांगले नाही, कारण त्यात बेडूक व त्यांच्या शोधात साप येऊन बसतात. केळ लावावयाची असल्यास दारापासून दूर लावावी आणि तिच्या बुंध्याशी कचरा साचू देऊ नये.

एवढे झाल्यावर घराभोवती एक फेरी मारावी. सरपण भिंतीला लागून न रचता अंतरावर व जमिनीपासून फूटभर उंच दगडांवर रचावे. उंदरांची बिळे काचेचे तुकडे मिसळलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने बुजवावीत. धान्याची पोती जमिनीवर टेकवून ठेवू नयेत. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात दंश करते. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही व वेदनाही फारशी होत नाही. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे हे हिवतापाइतकेच मण्यारीसाठीही आवश्यक आहे. गळिताच्या हंगामात बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि कोप्या करून जमिनीवरच झोपतात. कोप्यांची जागा आधी साफ करून घेणे, तेथे उजेडाची सोय करणे आणि लहान मुलांना तरी खाटा किंवा उंच मचाण मिळेल असे पाहणे, ही जबाबदारी ज्यांचा ऊस तोडला जातो त्यांनी आपली मानली पाहिजे.

दंश झालाच तर

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. या चारही सापांच्या विषांवर चालणारे एकत्रित प्रतिविष उपलब्ध असून मुंबईच्या हाफकिन संस्थेने ते अनेक वर्षे तयार केले आहे. शासकीय रुग्णालयांत ते मोफत दिले जाते. दुसरे कोणतेही औषध, मुळी, मंत्र किंवा मणी या विषावर चालत नाही.

रोग्याला धीर द्यावा व चालू देऊ नये. बूट, पैंजण, जोडवी, अंगठ्या लगेच काढाव्यात, कारण सूज आल्यावर त्या मांसात रुततात. पायाला काठी किंवा फळी बांधून तो हलणार नाही असे करावे. आवळपट्टी बांधू नये, कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. साप मारण्यात वेळ दवडू नये. दंशाची वेळ मात्र लक्षात ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास उशीर होईल असे दिसल्यास मोटारसायकलवर चालकाच्या मागे रोग्याला व त्याच्या मागे धरून बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला बसवून निघावे. निरगुडसर परिसरातील लोकांना मंचर येथील उपजिल्हा रुग्णालय गाठता येते. पहाटे एखादा माणूस पोट दुखते, डोळे उघडत नाहीत असे सांगत उठला, तर अंगावर खूण नसली तरीही मण्यारीचा संशय धरून त्याला याच घाईने न्यावे. मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, हे पालकांना ठाऊक असल्यास ते घाबरत नाहीत.

सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली त्याच्या कुटुंबास २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे विलंब न लावता अर्ज करावा. रुग्णालयात दंशाची नोंद झालेली असणे पुढे उपयोगी पडते.

पावलाची निगा

बूट घातले की पाय आत घामेजतो. मोज्यांचे दोन जोड ठेवून रोज बदलावेत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यास त्या जागा धुऊन, फडक्याने टिपून कोरड्या ठेवाव्यात व आरोग्य केंद्रातून मलम आणावे. टाचांच्या भेगांना कोकमतेल गरम करून लावण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र भेगेत माती असताना ते लावू नये. गंजक्या खिळ्याने किंवा काट्याने खोल जखम झाल्यास धनुर्वाताची लस घ्यावी.

अनवाणी चालण्याचा आणखी एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. उघड्यावर शौचास बसल्याने दूषित झालेल्या ओल्या मातीतून आकडेकृमीच्या अळ्या पावलाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून या रोगाविरुद्ध मोठी मोहीम झाली. औषधाबरोबर शौचालय आणि जोडे यांचा प्रचार हे तिचे मुख्य अंग होते. आपल्याकडे खुरपणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय आढळतो त्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांत हेही एक असू शकते.

मधुमेह असलेल्या शेतकऱ्याने तर घरातही अनवाणी राहू नये. त्याच्या पावलाची संवेदना कमी झालेली असते. खडा टोचला, बूट चावला तरी त्याला समजत नाही आणि लहानशा जखमेचे पर्यवसान पाय कापण्यात होते. त्याने रोज झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्या माणसाने पाहावेत किंवा जमिनीवर आरसा ठेवावा.

बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून दोनदा आपटावा. आत हात घालून पाहू नये. विंचू उलट्या बुटातही चढू शकतो.

हंगामापूर्वीची तपासणी रोहिणी नक्षत्रातच उरकावी. प्रत्येक बूट काठोकाठ पाण्याने भरून कोरड्या फरशीवर अर्धा तास उभा ठेवावा. जेथे ओल दिसेल तेथे खडूने खूण करावी. बूट वाळल्यावर ती जागा काचकागदाने खरवडून सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा सोल्यूशनने चिकटवावा, वर दगडाचे वजन ठेवावे आणि रात्रभर हलवू नये. चीर अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी असेल किंवा बूट वाकतो त्याच जागी असेल तर ठिगळ टिकत नाही. असा बूट घोट्यावर कापून त्याचा खालचा भाग गोठा झाडण्याच्या कामी वापरावा आणि रानासाठी नवा जोड पहिल्या पावसाआधी आणावा.